इम्प्लांट काढल्यावर फॅट ट्रान्सफर? या चुका टाळा

छातीतलं इम्प्लांट काढायचं ठरलं की लगेच डोक्यात येते, छाती सपाट दिसेल, मंग त्याच ऑपरेशनमध्ये पोटाची चरबी काढून तिथं भरून घेऊ, नागपूरची एकच चक्कर अन् दोन कामं. गडबड इथूनच सुरू होते.

३०० सीसीचं इम्प्लांट काढलं म्हणून ३०० सीसी चरबी भरली, असा हिशोब नसते. चरबीच्या पेशीला जगायला रक्त लागते, ते आजूबाजूच्या टिश्यूतून मिळते, म्हणून सर्जन ती बारीक नळीनं थोडी थोडी, थराथरात सोडतो. इम्प्लांटच्या रिकाम्या पोकळीत नुसती ओतली तर ती मरते, तेल होऊन साचते अन् हाताला गाठ लागते. नीट भरलेलीही साधारण निम्मी ते ७० टक्केच टिकते, बाकीची पहिल्या तीन-चार महिन्यांत शरीरात जिरते. म्हणून दुसऱ्या आठवड्यातली सूज पाहून खूश होऊ नका अन् तिसऱ्या महिन्यात उतरलं म्हणून रडूही नका. दुसऱ्यांदा करावं लागू शकते, पैशाचा अंदाज तसाच घ्या.

काही सर्जन एकाच वेळी दोन्ही करतात, ज्यांच्याकडे स्वतःचं टिश्यू बऱ्यापैकी आहे त्यांना ते जमतेही. पण घाई नसेल तर तीन ते सहा महिने थांबलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. कातडी आकसते, आकार बसतो, मंग कितीतरी जणी म्हणतात राहू द्या आता. कातडी लोंबतच राहिली तर मात्र चरबी भरून ती वर येत नाही, त्याला लिफ्टच लागते, म्हणजे जास्तीची कातडी काढून छाती वर उचलायचं ऑपरेशन.

आता खर्रा. डॉक्टर विचारतात सिगारेट ओढता का, बाई म्हणते नाही, अन् पर्समध्ये खर्र्याची पन्नी! अहो, निकोटिन ते निकोटिनच, रक्ताच्या नळ्या आकसवते अन् भरलेली चरबी मरते. खर्रा, तंबाखू, गुडाखू, सगळं आधी सांगा अन् निदान चार आठवडे आधी अन् चार आठवडे नंतर बंद ठेवा.

सिकलसेलची तपासणीही राहून जाते. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे घरोघरी ऐकू येणारा रक्ताचा आनुवंशिक आजार हा, भूल देताना ऑक्सिजन किंवा पाणी कमी पडलं तर जिवावर बेतू शकते. हिमोग्लोबिनसोबत हेही करून घ्या.

टायमिंग पाहा. जिथून चरबी काढली त्या पोटा-मांड्यांवर काही आठवडे घट्ट पट्टा घालावा लागते, मे महिन्याच्या ४५ डिग्रीत अन् वर लाईट गेलेली, विचार करा. हिवाळा बरा, पण तेव्हा कापूस वेचणी असते, अन् दुखऱ्या पोटावर ओटी बांधून वाकायचं म्हणजे झालंच! त्या हंगामापुरतं मजूर लावा. छातीवर मात्र घट्ट ब्रा नको, पालथं झोपणं नको.

पुढे कधी गाठ लागली तर तेल लावून चोळत बसू नका. बरेचदा ती मेलेल्या चरबीचीच असते, तरी सोनोग्राफीशिवाय ते ठरत नाही. ऑपरेशनच्या आधीची सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी फाईलमध्ये असली की तुलना सोपी जाते, अन् फॅट ट्रान्सफर झालंय हे तपासणाऱ्याला सांगा. ताप, लाली, पू किंवा धाप लागली, पिंडरी सुजली तर उद्यावर ढकलू नका. रात्री-बेरात्री कोणाला फोन करायचा, हे नागपुरातून निघायच्या आधीच विचारून घ्या.