कुंडीत पानंच पानं, फूल एकही नाही? या चुका टाळा

दिवाळीला पिवळ्या शेवंतीची कुंडी आणायची. फुलं सुकली की खालून मुनवे (बुडाशी येणारे नवे कोंब) फुटतात, ते वर्षभर जपायचे. आणि पुढच्या दिवाळीला बघावं तर कमरेएवढं हिरवंगार झुडूप, कळी मात्र औषधालाही नाही. मी तीन वर्षं हे भोगलं. खत बदललं, माती बदलली, शेवटी रोपच बदललं. दोष यातल्या कशाचाच नव्हता. आमच्या गॅलरीत रात्री अकरापर्यंत जळणाऱ्या दिव्याचा होता.

शेवंती अंधार मोजते. १९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवलं की झाड कधी फुलणार हे दिवसाच्या लांबीवर ठरतं. पुढे कळलं की झाड दिवसापेक्षा रात्रीचा अखंड अंधार मोजत असतं. पावसाळा सरता सरता रात्र मोठी होते आणि शेवंती कळ्या धरू लागते. मध्येच उजेड पडला की तिचा हिशेब मोडतो. पॉलिहाउसवाले शेवंती उशिरा फुलवायची असेल तर मुद्दाम रात्री दिवे लावतात. आपण गॅलरीत नकळत तेच करतो, आणि रस्त्यावरचा खांब समोर असेल तर उजेड पहाटेपर्यंत असतो.

उपाय साधा आहे, पण रोज करावा लागतो. सप्टेंबरच्या शेवटी कुंडी गच्चीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा. तशी जागा नसेल तर संध्याकाळी सहाला वर मोठं खोकं उपडं घाला आणि सकाळी सात-आठला काढा. तीन-चार आठवड्यांत शेंड्याला मोहरीएवढ्या कळ्या दिसतात. त्यांना रंग दिसेपर्यंत झाकणं सोडू नका, फुलायला एकूण आठ-दहा आठवडे लागतात. नाताळात आणलेलं लाल पानांचं पॉइन्सेटिया पुढच्या वर्षी हिरवंच राहतं त्याचंही कारण हेच.

शेवंतीची दुसरी चूक शेंडे खुडण्याची. जून-जुलैत शेंडे खुडले की रोप भरगच्च होतं, त्यामुळे हाताला सवय लागते आणि आपण गणपतीतही खुडत बसतो. ऑगस्टच्या मध्यानंतर शेंड्याला हात लावू नका. त्यानंतर जे खुडाल त्यात फूल गेलंच समजा.

मोगऱ्याला विश्रांती हवी

आमच्या सासूबाई वाईच्या. त्या म्हणायच्या, "पौषात मोगऱ्याला उपाशी ठेव, चैत्रात तो तुला ओंजळ भरून देईल." मला ते क्रूर वाटायचं. थंडीत झाड मलूल दिसलं की मी उलट जास्त पाणी आणि वर मूठभर खत घालायची. झाड पानांनी भरायचं आणि उन्हाळ्यात चार फुलं द्यायचं.

मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते. जुन्या लांब काड्या तशाच राहिल्या तर झाडाची ताकद त्या पोसण्यात जाते. म्हणून डिसेंबरमध्ये पाणी निम्म्यावर आणा, पुढे आठवड्यातून एकदाच द्या. कुंडीतली माती पार भुकटी होऊ देऊ नका, जमिनीतल्या झाडाइतका ताण कुंडीतल्या झाडाला सोसत नाही. जानेवारीत पानं पिवळी पडून गळू लागली की घाबरू नका. तीच छाटणीची वेळ. एक तृतीयांश ते निम्मं झाड कापा, वाळक्या काड्या बुडातून काढा, वरची दोन बोटं माती मोकळी करून कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळा आणि पाणी पुन्हा सुरू करा. फेब्रुवारीत लालसर पोपटी फूट येते आणि त्या फुटीच्या टोकाशी कळ्या धरतात. एक बहर संपला की फुलं येऊन गेलेले शेंडे एका पानाच्या जोडीसकट खुडा, म्हणजे पुढचा बहर लवकर येतो.

एवढं करूनही फूल नसेल तर ऊन मोजा. पाच-सहा तासांचं थेट ऊन मोगऱ्याला लागतंच. ग्रिलमधून येणाऱ्या तासाभराच्या तिरिपीवर तो नुसता जगतो. कळ्या जांभळट पडून गळत असतील तर एक कळी उघडून बघा. आत बारीक अळी असते. अशा कळ्या तोडून पिशवीत बांधून टाका, झाडाखाली पडू देऊ नका.

युरियाबद्दलही इथेच सांगते. त्यात नत्र असतं, आणि नत्र जास्त झालं की कोणतंही फुलझाड पानांच्याच मागे लागतं. गडद हिरवी, मऊ, मोठी पानं आणि कळी नाही, असं दिसलं की महिनाभर खत बंद ठेवा.

मलूल झाड तहानलेलंच असतं असं नाही

झाडं जितकी तहानेनं मरतात, त्याहून जास्त पाण्यानं मरतात. पाणी साचून मुळं कुजली तरी पानं तशीच माना टाकतात, कारण कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. आपण बघतो, हळहळतो आणि आणखी एक तांब्या ओततो. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. आत ओल असेल तर पाणी नको. एप्रिलच्या दुपारी जास्वंदीनं मान टाकली आणि माती ओली आहे, तर संध्याकाळपर्यंत थांबा. ऊन उतरलं की ती आपोआप सावरते.

यातली मोठी गोम रोपवाटिकेच्या मातीत असते. पिशवीतलं रोप पुष्कळदा चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतं. तो गोळा तसाच कुंडीत ठेवून भोवती छान भुसभुशीत माती भरली की पाणी बाजूनं निघून जातं आणि गोळा आतून कोरडा राहतो, नाहीतर पावसात आठ-आठ दिवस चिखल धरून बसतो. गुलाब आणल्यावर महिन्याभरात जातो तो बहुतेक यानेच. गोळा अर्धा तास बादलीत भिजवा, बाहेरची माती बोटांनी हलकेच सोडवा, मुळं न ओढता. हे काम जून-जुलैच्या ढगाळ दिवशी करा, ऐन मे महिन्यात कधीच नको. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा, पण उपडा, म्हणजे पाणी जायला वाट राहते. नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ती पावसात गच्च होते आणि उन्हात भेगाळते.

अनंताची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील, तर बोअरच्या जड पाण्याकडे संशयानं बघा. त्या पाण्यानं मातीतलं लोह झाडाला मिळेनासं होतं. पावसाचं पाणी साठवून द्या आणि चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) पाकिटावर लिहिलेल्या मापानं घाला.

गुलाब, झेंडू आणि जानेवारीतला मोह

गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरमध्ये. त्याआधी कापलेल्या फांद्या पावसानं वरून काळ्या पडत खाली वाळत जातात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरका काप घ्या. साधारण दीड-दोन महिन्यांत फुलं येतात. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या, जागेच्या खालून एखादा जोमदार, वेगळ्याच पानांचा फोक आला तर कौतुक करू नका. तो खालच्या जंगली गुलाबाचा असतो आणि हळूहळू वरचं कलम मारतो. बुडातून काढून टाका.

दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर दसऱ्यापासून मागे मोजा. रोप तयार व्हायला तीन-चार आठवडे, लावल्यावर फुलायला साधारण दोन महिने. म्हणजे बी सुमारे तीन महिने आधी पडलं पाहिजे. गणपती गेल्यावर पेरलेल्या बियांना दसऱ्याला फुलं येणार नाहीत. तोरणातली सुकी फुलं चुरून पेरायला हरकत नाही, पण संकरित जातीच्या बियांतून तसंच टपोरं फूल येईल ही आशा ठेवू नका.

जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन पाहून आलं की माणूस पेटुनिया आणि पॅन्सीची खोकीच्या खोकी घरी आणतो. मीही आणायचे. ती फुलं थंडीची. पुण्याचं मार्चचं ऊन लागलं की ती जाणारच, त्यात तुमचा हात वाईट नाही. त्यांचा पूर्ण मोसम हवा तर बी सप्टेंबरच्या शेवटी, पावसाचा मारा लागणार नाही अशा जागी पेरा. पेटुनियाचं बी धुळीसारखं असतं. वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरवा आणि वर माती अजिबात टाकू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. झारीनं पाणी घातलं तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्या.

मे महिन्यात गावाला जाताना

गच्चीवरच्या नळीत दुपारी साचलेलं पाणी हात पोळण्याइतकं तापतं. शेजाऱ्यांना चावी देताना हे आवर्जून सांगा, नाहीतर प्रेमानं घातलेल्या पाण्यानंच मुळं भाजतात. पाणी सकाळी लवकर घालायचं, पहिलं गरम पाणी बाजूला सोडून. कुंड्या तापलेल्या स्लॅबवरून विटांवर उचलून ठेवा आणि एकमेकींना चिकटून सावलीला आणा. खालच्या बशा भरून ठेवू नका. मुळं कुजतात आणि आठवड्याभरात त्यात डास होतात.

मोगरा मात्र हलवू नका, तो उन्हातच राहू दे. शेजारच्या काकूंना सांगून ठेवा की कळ्या संध्याकाळी खुडायच्या आणि त्यांनीच न्यायच्या. झाडावर ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या तांबूस पडतात, आणि खुडत राहिलं तर आपण परत येईपर्यंत नव्या कळ्या लागलेल्या असतात.