कादंबरी रंगमंचावर आणताना: यमूचं बोट

परभणीत मी शाळेत मराठी शिकवते आणि संध्याकाळी हौशी मंडळींसोबत नाटक बसवते. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’चं रूपांतर आम्ही दोनदा केलं. पहिलं साफ पडलं.

त्या खेपेला मी कादंबरीच्या नायिकेला, यमूला, विंगेपाशी उभं करून सगळी गोष्ट तिच्याच तोंडून सांगवली. कादंबरीत तीच बोलते, म्हणून. एकोणीस प्रवेश, दर प्रवेशाला अंधार, पावणेतीन तास. मध्यंतरानंतर मागच्या खुर्च्या रिकाम्या. पोरींनी दोन महिने जीव तोडून तालमी केल्या होत्या, त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

तेव्हापासून निवेदनातली गोष्ट कुणी काही करताना दिसणार असेल, तरच मी ती संहितेत घेते. कादंबरी आधी पेन्सिल न घेता वाचा, नुसती वाचा. दुसऱ्या वाचनाला प्रत्येक प्रकरणासमोर वहीत एकच ओळ लिहा: कोण कुणाकडं काय मागतंय, आणि त्याला काय मिळालं? ही ओळ जमत नाही ते प्रकरण बाजूला ठेवा, कितीही आवडतं असलं तरी. ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं आली. आठवडाभर वाट बघणाऱ्या वाचकाला तो पसारा हवासा वाटायचा. खुर्चीत दोन तास बसलेल्याला तो झेपत नाही.

यमूचे पती रघुनाथराव तिला वाचनाची गोडी लावतात, त्यासाठी आम्ही एवढंच ठेवलं: समईपाशी यमू ओळीखाली बोट सरकवत वाचतेय. बाहेर जोडव्यांचा आवाज येतो. पुस्तक पदराखाली जातं, पण बोट मांडीवर तसंच सरकत राहतं. कादंबरीत हा प्रसंग असा नाही, आम्ही रचला. असं रचायला भिऊ नका, फक्त त्यात माणूस लेखकाचाच राहिला पाहिजे.

भाषेवर आमची बरीच ओढाताण झाली. यमू पुण्याची, आमच्या पोरी जिंतूर-पाथरीकडच्या. तिला आमची बोली द्यावी, असं काहींचं म्हणणं होतं. मी दिली नाही, त्या घरातला सोवळा धाक त्याच भाषेत आहे. तालमीत मात्र प्रत्येक प्रवेश आधी आपल्या बोलीत बोलून घेतला. “मला कामून इचारलं न्हाई कुनी?” असं एकीच्या तोंडून निघालं आणि ती रडायलाच लागली. मग हरिभाऊंचं वाक्य तिच्या तोंडी आपसूक बसलं. ही तालीम तुम्हीही जरूर करा.

हक्कांचं थोडक्यात. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडं असतात. हरिभाऊ १९१९ मध्ये गेले, तिथं अडचण नाही. पण उद्या आपल्या रा. रं. बोराडे सरांची ‘पाचोळा’ कादंबरी करायचं मनात आलं, तर आधी लेखी परवानगी. शिवाय संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र घ्या. तारीख ठरवण्याआधीच अर्ज टाका.

शेवटी विधवा झालेल्या यमूचं केशवपन. पहिल्या प्रयोगात आम्ही ते समोर दाखवलं. प्रेक्षक टोप कुठून सुटतोय तेच बघत बसले. दुसऱ्या वेळी गावातल्या एका म्हाताऱ्या कारागिराला बोलावलं. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा कसा फिरवतात, ते त्यांनी दाखवलं. रंगमंचावर नुसतं बंद दार, आतून तो आवाज आणि पाण्याची वाटी ठेवल्याचा आवाज. यमू दाराआड. उंबऱ्यावर तिचा एक हात तेवढा दिसतो, आणि त्या हाताचं बोट फरशीवर, ओळ वाचावी तसं, डावीकडून उजवीकडं सरकतं. वस्तऱ्याचा आवाज थांबला की बोट थांबतं. त्यानंतर आम्ही एकही शब्द ठेवला नाही.