आईवडिलांचे शेवटचे दिवस घरी काढायचे असतील तर काय काय करावं

डॉक्टर "आता घरी न्या, सेवा करा" म्हणतात आणि फाइल हातात देतात, पण सेवा म्हणजे नेमकं काय करायचं हे बऱ्याचदा कोणी नीट सांगतच नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी पॅलिएटिव्ह केअरचा डॉक्टर शोधा, आजार बरा होणार नसला तरी दुखणं, धाप, मळमळ कमी करता येते. कॅन्सर असेल तर पुण्यात वारज्याला सिपलाचं सेंटर आहे, मुंबईत टाटा हॉस्पिटलचा वेगळा विभाग आहे, वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून चालू आहे. मॉर्फिन लिहून दिलं की नातेवाईक घाबरतात, "आता संपलंच" म्हणतात. असं काही नसतं, डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसमध्ये ते दुखण्यावरचं औषधच आहे आणि वेळेवर द्यायचं, कळ असह्य होईपर्यंत थांबायचं नाही. त्याने शौचाला घट्ट होतं, म्हणून पोट साफ व्हायचं औषध सोबत मागून घ्या.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, एअर बेड असला तरीही. माकडहाड, टाचा, खुबे रोज बघा, लाल दिसलं की लगेच डॉक्टरांना सांगा. नर्सिंग ब्युरोची बाई ठेवली असेल तरी दिवसातून एकदा स्वतः बघाच.

आता खाण्याचं, कारण घरात सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात. शेवटी शेवटी भूक जातेच, शरीराला अन्न झेपत नाही. दोन घास तरी खा म्हणून कोंबलं तर ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. मागितलं तर पेज, ताक, आईस्क्रीम जे आवडेल ते थोडं द्या, नको म्हटलं तर राहू द्या. गिळता येत नसेल तर चमच्याने पाणी ओतू नका, गंगाजल सुद्धा थेंबभर ओठांना लावा, आणि तोंड ओल्या कापडाने पुसून ओठांना तूप किंवा व्हॅसलिन लावत राहा. ते उपाशी जातायत असं वाटून जीव तुटतो, पण प्रेमापोटी केलेल्या जबरदस्तीचा त्रास त्यांनाच होतो हो.

झोप वाढते, हातपाय गार पडतात, घरघर लागते. कुशीवर वळवलं की घरघर बरेचदा कमी होते. या काळात बोलत राहा, ऐकू येत असेल असंच धरून चला.

व्हेंटिलेटर हवा की नको हे माणूस शुद्धीवर असतानाच विचारा. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलंय आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केलीय, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. कॉपी फॅमिली डॉक्टरकडे ठेवा. त्याच डॉक्टरांना हेही विचारून ठेवा की घरी मृत्यू झाला तर मृत्यूचं कारण लिहिलेलं सर्टिफिकेट द्यायला रात्री-अपरात्री याल का, कारण ते नसेल तर स्मशानात अडतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, डेथ सर्टिफिकेटच्या चार-पाच कॉपी लागतातच, बँक, पेन्शन, विमा सगळीकडे मागतात.

आणि मग मागे राहिलेलं माणूस. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, चौदाव्या दिवशी आई एकटी. तिची बीपी-शुगरची औषधं चालू आहेत ना, जेवते ना, हे फोनवर विचारून कळत नाही, जाऊन बघा. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं तिच्यावर लादू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये ठराव करून हे बंद केलंय, कुणी मोठं माणूस अडून बसलं तर त्यांना हे सांगा. "रडू नको" म्हणण्यापेक्षा बाबांच्या गोष्टी तिला सांगू द्या, त्याच त्याच सांगितल्या तरी. बाबा मागे राहिले असतील तर ते बोलणारच नाहीत कदाचित, त्यांच्यासोबत रोज फिरायला जा. काही महिन्यांनीही झोप-जेवण सुधारत नसेल तर डॉक्टरांकडे न्या, आणि "मला पण न्या आता" असं वारंवार म्हणत असतील तर वाट न बघता त्याच दिवशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्री आहे, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतः थकला असाल तरी लावा.