कामात फटका बसल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

बढती हुकणे, हातातले काम काढून घेतले जाणे किंवा आपलीच एखादी मोठी चूक उघडकीस येणे, अशा प्रसंगी मूळ घटनेपेक्षा त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतील आपले वागणेच पुष्कळदा जास्त नुकसान करते.

सर्वांत महागात पडते ती माहिती दडवणे. काम वेळेत होणार नाही हे कळूनही ‘बघू, जमेल काहीतरी’ म्हणून गप्प बसणारा माणूस, नकळत का होईना, इतरांच्या हाती असलेला सुधारणेचा वेळ खाऊन टाकतो. विमानवाहतुकीत चूक मोकळेपणाने कळवण्याचे महत्त्व फार पूर्वी ओळखले गेले. अमेरिकेत नासातर्फे १९७६ पासून चालणाऱ्या व्यवस्थेत वैमानिक आपल्या चुका स्वेच्छेने कळवतात आणि त्यांची नावे गोपनीय राहतात. प्रत्येक कार्यालयात असे संरक्षण नसते, हे खरे. तरीही वाईट बातमी वरिष्ठांना दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेली बरी. ती सांगताना सफाई देत बसू नये. ‘जुन्या दरांची यादी काल ग्राहकांना गेली. पुढचे पाठवणे थांबवले आहे. दुरुस्त यादी दुपारपर्यंत तयार होईल. ग्राहकांशी कोणी बोलायचे ते कृपया सांगावे,’ एवढे पुरते. कोणामुळे झाले, याची चर्चा नंतर करता येते.

रागाच्या भरात ईमेल पाठवणे ही दुसरी चूक. मजकूर लिहायचाच असेल, तर पत्त्याची जागा रिकामी ठेवावी आणि सकाळी पुन्हा वाचावा.

एका अपयशावरून ‘मला हे जमतच नाही’ असा निष्कर्ष काढणे अधिक खोलवर इजा करते. सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्या कुत्र्यांना विजेचे धक्के टाळताच आले नव्हते, त्यांपैकी बऱ्याच जणांनी पुढे सुटकेचा मार्ग असतानाही प्रयत्न सोडून दिला. म्हणून आपल्या हातात असलेली एखादी लहान गोष्ट त्याच आठवड्यात पूर्ण करावी. प्रयत्नाचा उपयोग होतो, हे स्वतःला पुन्हा दिसणे आवश्यक असते.

मात्र अपमान, छळ किंवा भेदभाव निमूटपणे सोसणे म्हणजे खंबीरपणा, असे मुळीच समजू नये. तेथे तारीख, वेळ, नेमके शब्द आणि उपस्थितांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत, विश्वासू सहकाऱ्याला कल्पना द्यावी आणि तक्रार लेखी करून तिची पोच घ्यावी.