यीस्ट, अँटीबॉडी आणि 'हे तर उघडच होतं!': पेटंटच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

बायोटेकमधून पेटंटकडे वळणाऱ्या मुलामुलींना मी कलमं पाठ करण्याआधी एक अमेरिकन फाइल वाचायला सांगते: जेनेन्टेक ही बायोटेक कंपनी आणि सिटी ऑफ होप हे संशोधन केंद्र यांचं, कॅबिली या संशोधकाच्या नावाने ओळखलं जाणारं पेटंट, क्रमांक ६,३३१,४१५. अँटीबॉडी ज्या दोन प्रकारच्या प्रोटीन-साखळ्यांची बनते, ती हेवी आणि लाइट चेन एकाच पेशीत बनवायची, हा त्याचा गाभा. पेशी ई. कोलाय असो, यीस्ट असो की सस्तन प्राण्याची.

पहिल्या वाचनात बहुतेकांना वाटतं, यात शोध कसला? दोन जीन घातले, दोन चेन मिळाल्या. वाटणारच, कारण मायग्रेनवरचं एप्टिनेझुमॅब हे अँटीबॉडी-औषध पिचिया यीस्टमध्ये बनतं आणि २०२० साली अमेरिकेत त्याला मंजुरीही मिळाली. आणि जे जाणकाराला उघडच वाटेल त्याला पेटंट मिळत नाही. पण मूळ अर्ज ८ एप्रिल १९८३ चा आहे. त्या दिवशीच्या जाणकाराला काय ठाऊक होतं, एवढंच विचारायचं. यीस्टमध्ये कार्यक्षम अँटीबॉडी जुळून आल्याचा 'नेचर'मधला पेपर १९८५ चा, म्हणजे तो प्रायर आर्ट (अर्जाआधीच जगजाहीर असलेलं ज्ञान) नाहीच. आधी काय शक्य वाटत होतं, यावर युक्तिवाद करताना तो पुढे येऊ शकतो, पण अर्ज हाणून पाडायला चालत नाही. हा फरक अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि माझ्या मते या कामाचं निम्मं कसब तिथेच आहे.

इन्सुलिनचं उदाहरण घ्या. १९७८ साली जेनेन्टेकनेच त्याच्या ए आणि बी चेन वेगवेगळ्या जिवाणूंमध्ये बनवून नंतर जोडल्या. पेटंटधारक म्हणेल, "बघा, तेव्हाची रीत एका पेशीत एकच चेन अशी होती." विरोधक म्हणेल, "दोन्ही चेन बनतात हे कळलंच होतं, मग एकत्र करायला काय हरकत होती?" हा वाद तुम्ही दोन्ही बाजूंनी लिहून बघा. लॅबमध्ये प्रोटीन गुंडाळलं न गेल्याने ज्यांचे प्रयोग वाया गेलेत, त्यांना 'यश मिळेल अशी वाजवी अपेक्षा' या कायद्यातल्या कसोटीचा अर्थ चटकन कळतो. तुमची ही शिदोरी वकिलाकडे नसते.

या पेटंटवर २००५ साली फेरतपासणी सुरू झाली. २००७ मध्ये पेटंट ऑफिसने क्लेम, म्हणजे पेटंटमधले हक्काचे दावे, नाकारले. कारण दिलं ते असं की, जेनेन्टेकचंच जुनं पेटंट आणि आधीचे पेपर एकत्र धरले तर हे उघड होतं. २००९ मध्ये क्लेम कायम झाले. मधल्या काळात तज्ज्ञांची प्रतिज्ञापत्रं आली. फेरतपासणीच्या आधी सेल्टेक या ब्रिटिश कंपनीच्या पेटंटशी (बॉस या संशोधकाच्या नावाचं) अग्रक्रमाचा, म्हणजे शोध आधी कुणाचा याचा, वाद वर्षानुवर्षं चालला होता. सेल्टेकचा ब्रिटिश अर्ज अवघे दोन आठवडे आधीचा.

कायद्यासाठी 'उघड' कशाला म्हणायचं यावरचे ओ'फॅरल (१९८८) आणि केएसआर (२००७) हे दोन अमेरिकन निकाल मुळातून वाचा, नुसत्या सारांशावर विसंबू नका. भारतात काम करायचं तर आपल्या पेटंट कायद्यातलं, हीच 'उघड नसण्याची' अट सांगणारं कलम २(१)(जेए) आणि पेटंट एजंटची परीक्षा आहेच; तिला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते, कायद्याची नाही.

वाचताना वहीत तीन रकाने आखा: तारीख, कुठल्या पेशीत काय बनवलं, आणि लेखकांना स्वतःलाच कशाची खात्री नव्हती. तिसरा रकाना पेपरच्या शेवटच्या चर्चेतून भरा. २००७ चा नकार आधी वाचा, प्रतिज्ञापत्रं नंतर.