मॉडेलचा सांधा टिकवायचा असेल तर

प्लास्टिकच्या मॉडेलचा सांधा सुटला की गोंदाच्या नावाने खडे फोडले जातात. बहुतेक वेळा गोंद चांगलाच असतो, पण भलत्याच प्लास्टिकला लावलेला असतो. म्हणून आधी हातातलं प्लास्टिक ओळखा. किटमधले साच्यातून निघालेले भाग बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात. काचेसारखी कडक, पारदर्शक शीट सहसा ॲक्रिलिकची असते. बोटाला मेणचट लागणारं, वाकवलं तरी न मोडणारं पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन नेहमीच्या गोंदांना दाद देत नाही. तिथे सरळ स्क्रू लावा.

पॉलिस्टायरीनला प्लास्टिक सिमेंट नावाचा गोंद लागतो. तो दोन्ही कडा विरघळवतो आणि द्रव उडून गेला की त्या एकजीव होतात. सांध्यावर रंग असेल तर तो आधी खरवडून काढा, नाहीतर सिमेंट रंगातच अडकतं. भाग दाबल्यावर मऊ प्लास्टिकची बारीक रेघ बाहेर येईल. ती पुसू नका. दुसऱ्या दिवशी कडक झाली की ब्लेडने सपाट करा.

ॲक्रिलिकमध्ये सगळी कसोटी कडेची. सपाट काचेवर पॉलिश पेपर पसरा आणि कड त्यावर उभी धरून घासा. कोपरे गोल होता कामा नयेत. मग भाग कोरडेच जुळवून चिकटपट्टीने धरा. पट्टी मात्र सांध्यापासून लांब, कारण द्रव तिच्याखाली शिरला की डाग कायमचा. आता डायक्लोरोमिथेन असलेलं पातळ सॉल्व्हंट (प्लास्टिक विरघळवणारा द्रव) सुईच्या बाटलीने सांध्याच्या टोकाला टेकवा. ते आपोआप आत ओढलं जातं आणि पांढुरकी दिसणारी फट सरसर पारदर्शक होत जाते. मध्ये बुडबुडे राहिले तर कड सपाट झालेली नाही, एवढं समजा. जोर देण्याआधी २४ तास जाऊ द्या.

लेझरने कापलेल्या कडेत ताण साठलेला असतो. सॉल्व्हंट लागताच तिथे केसासारख्या चिरा पडू शकतात. अल्कोहोलने पुसल्यावरही तेच. अशा कडा साबणाच्या पाण्यानेच धुवाव्यात.

मॉडेल विमानाच्या पारदर्शक काचेला सुपरग्लू लावण्याचा मोह टाळा, त्याच्या वाफेने पांढरी साय धरते. तिथे साधा पांढरा पीव्हीए गोंद बरा. रेझिन किंवा धातूचा भाग प्लास्टिकला जोडायचा तर सुपरग्लू किंवा इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद).

डायक्लोरोमिथेनची वाफ घातक असते आणि नेहमीच्या नायट्राइल हातमोज्यांतूनही ते लवकर आरपार जातं. बंद खोलीत ती बाटली उघडूच नका.