थायलंडमध्ये निवृत्तीचे घर : या चुका टाळा

हुआ हिनच्या किनाऱ्यावर किंवा चियांग माईच्या डोंगराळ परिसरात निवृत्तीनंतरचे घर घेऊ पाहणारे जोडपे फ्लॅटची दिशा, लिफ्ट, जवळचे रुग्णालय, तूरडाळ कुठे मिळते, हे सगळे बारकाईने पाहते आणि मोठी चूक मात्र भारतातल्या बँकेच्या काउंटरवर करून बसते. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त अभियंत्यांनी बिल्डरच्या खात्यात पैसे पाठवताना ‘कोणत्या चलनात?’ या प्रश्नाला सरळ ‘थाई बाट’ असे उत्तर दिले; घर थायलंडमध्ये, म्हणून पैसेही तिथल्याच चलनात, हा त्यांचा हिशेब. तो महागात पडला. परदेशी व्यक्तीच्या नावावर फ्लॅट चढवायचा, तर पूर्ण रक्कम परकीय चलनात देशात आली आणि थाई बँकेत तिचे बाट झाले, याचा पुरावा तिथले भूमी कार्यालय मागते. थाई बँक देते त्या दाखल्याला ‘एफईटी फॉर्म’ म्हणतात. बाटमध्ये आलेल्या रकमेसाठी तो मिळेना, म्हणून पैसे परत मागवून डॉलरमध्ये पुन्हा पाठवावे लागले आणि विनिमयाचे नुकसान दोनदा सोसावे लागले. तेव्हा रक्कम डॉलरमध्येच पाठवावी, पाठवण्याचे कारण म्हणून फ्लॅटची खरेदी स्पष्ट लिहावी आणि पाठवणाऱ्याचे नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळते की नाही, हे तपासावे. मधले नाव एका कागदावर आणि दुसऱ्यावर नाही, ही आपल्याकडची नेहमीची रड तिथे खपत नाही.

पैसे पाठवण्याचे वेळापत्रक न आखणे, ही दुसरी महाग चूक. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. पण १ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमाप्रमाणे वर्षातील पहिल्या १० लाख रुपयांनंतरच्या रकमेवर, ती घरासाठी असेल, तर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, कापते. ६० लाख रुपये एकट्याच्या नावाने एकाच वर्षात पाठवले, तर १० लाख अडकतात. पती-पत्नींनी मिळून तीच रक्कम मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत समान वाटून पाठवली, तर ४ लाखच अडकतात. हा कर बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण परतावा येईपर्यंत तेवढी रोकड हाताशी नसते. मात्र पत्नीच्या मर्यादेतून पैसे पाठवायचे, तर खरेदीखतात तिचे नाव सहमालक म्हणून असलेच पाहिजे. आणि हे पैसे आपल्या बचतीचेच हवेत. या योजनेखालच्या अशा गुंतवणुकीसाठी बँकेने कर्ज देणे नियमात बसत नाही.

घर म्हणजे फ्लॅटच, हेही आधी मनाशी पक्के करावे. परदेशी व्यक्तीला थायलंडमध्ये सहसा जमीन विकत घेता येत नाही आणि फ्लॅटच्या इमारतीतही एकूण विक्रीयोग्य क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते, त्यामुळे विसार देण्यापूर्वी त्या इमारतीत परदेशी कोटा शिल्लक असल्याचे व्यवस्थापनाचे लेखी पत्र घ्यावे. बागेसह बंगला हवा म्हणून एखाद्या थाई नागरिकाच्या नावाने जमीन घेण्याचा ‘मार्ग’ दलाल सहज सुचवतात. असा नामधारी मालक ठेवणे हा तिथे गुन्हा आहे. जमिनीचा भाडेपट्टा कायद्याने जास्तीत जास्त ३० वर्षांचा असतो. ‘तीस अधिक तीस अधिक तीस’ अशी जाहिरात दिसली, तर पहिले तीसच खरे धरावेत.

सर्वांत मोठा गैरसमज मात्र राहण्याविषयीचा आहे. फ्लॅटची मालकी मिळाली, म्हणजे राहण्याचा परवाना मिळाला, असे होत नाही. निवृत्तांना व्हिसावरचा मुक्काम वाढवून मिळतो, त्या मुदतवाढीला वयाची ५० वर्षे पूर्ण लागतात आणि थाई बँकेत ८ लाख बाट, म्हणजे २० लाख रुपयांहून अधिक, अर्जापूर्वी दोन महिने ठेवावे लागतात किंवा दरमहा ६५,००० बाटचे उत्पन्न दाखवावे लागते. अर्ज मंजूर झाल्यावरही तीन महिने ती रक्कम तशीच ठेवायची आणि त्यानंतर शिल्लक ४ लाख बाटच्या खाली जाऊ द्यायची नाही. म्हणून घरासाठी सगळी पुंजी लावणारा माणूस स्वतःच्याच फ्लॅटमध्ये पर्यटक होऊन राहतो. शिवाय सलग मुक्काम असल्यास दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो.

घर उन्हाळ्यातही पाहावे. डिसेंबरात चियांग माईला गेलेला माणूस हरखतो. फेब्रुवारी ते एप्रिल शेते आणि जंगले जळत असताना तिथल्या धुरात दम्याच्या रुग्णाला खिडकी उघडता येत नाही. बँकॉकमध्ये उंच इमारत घेणार असाल, तर २८ मार्च २०२५ च्या भूकंपानंतर झालेल्या तपासणीचा अहवाल मागावा. म्यानमारमधल्या त्या धक्क्याने बँकॉकमधली बांधकाम चालू असलेली एक बहुमजली इमारत कोसळली होती आणि अनेक इमारतींना भेगा गेल्या होत्या. आपला मेडिक्लेमही बहुधा भारताबाहेर चालत नाही.

भारतातल्या कागदांकडेही लक्ष हवे. निवासी असताना परदेशात घर असलेल्या पेन्शनरांना नेहमीचा सोपा आयटीआर-१ भरता येत नाही. फ्लॅट आणि थाई बँकेचे खाते दोन्ही विवरणपत्रातल्या ‘शेड्यूल एफए’ या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागतात, तेही कॅलेंडर वर्षाच्या हिशेबाने. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला १ ऑक्टोबर २०२४ पासून मिळालेली सवलत घर-जमिनीला लागू नाही.

एफईटी फॉर्मची मूळ प्रत मात्र थायलंडमधल्या घरात न ठेवता इथल्या लॉकरमध्ये ठेवावी आणि ती कुठे आहे, हे मुलांना सांगून ठेवावे, कारण फ्लॅट विकून पैसे भारतात आणायची वेळ आली की थाई बँक पहिल्यांदा तोच कागद मागते.